होय ते होय

एल्मरिज सरकारी रुग्णालय
९ सप्टेंबर १९५६

प्रिय एल्डा,

पोचलो. आगगाडीत बसून बसून पाठीची फळी झाली, पण पोटाची चिंता नव्हती. आईनं भाजून दिलेले झ्वीबाक अजून अर्धा डबा शिल्लक आहेत. इथली पोरं विचारतात, पावाच्या डोक्यावर हा दुसरा छोटा पाव कशाला बसवलाय? मी सांगितलं, आमच्याकडे पावसुद्धा एकटा राहत नाही.

बातमी अशी, की तुझा धाकटा भाऊ 'नॉर्मल' आहे, असं सरकारनं लेखी दिलंय. जेक वेडेलला सांग. त्याला शाळेपासून शंका होती. आम्ही इथं सहा जण आहोत, सगळे आपल्यासारखेच मेनोनाइट, लष्करात जायला नकार दिलेले. बदली सेवा म्हणून कुणाला वेड्यांच्या इस्पितळात फरशा पुसायला लागल्या, कुणाला जंगलात झाडं लावायला. आम्ही फक्त निरोगी राहायचं. रोग्यांशी ताडून बघायला निरोगी माणूस लागतो, तो मी. कधी थोडं औषध घ्यायचं, रक्त द्यायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची. शेणापेक्षा बरं काम आहे.

डॉ. लॅथम सभ्य गृहस्थ आहेत. पहिल्या दिवशी म्हणाले, उजवा हात वर करून शपथ घे. मी म्हटलं, आमच्यात शपथ घेत नाहीत. आमचं होय ते होय आणि नाही ते नाही, त्यात देवाचं नाव कशाला खर्ची घालायचं? ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसून म्हणाले, "तुझं होय मला पुरे." प्रयोगाच्या खोलीत काय दिलं आणि काय झालं, ते त्यांनी मोकळीक देईपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही, अशी त्यांची अट होती. एकाला कळलं की दुसरा आधीच धास्ती घेतो आणि प्रयोगाची माती होते. मला पटलं. मी होय म्हटलं.

आणि पाळकसाहेबांना सांग, मी त्यांचा प्रश्न विसरलो नाही. पैसा कुणाचा, हे मी विचारलं. वेड बरं व्हावं म्हणून देणग्या देणारी एक संस्था आहे, तिचा, असं डॉक्टर म्हणाले. लष्कराचा नाही ना? "नाही," म्हणाले. म्हणजे प्रश्न मिटला.

ईस्टरच्या प्रभुभोजनाला येईन. तोवर सूर कोण देणार?

तुझा,
रूबेन

रोझेनफेल्ड, कॅन्सस
१४ ऑक्टोबर १९५६

प्रिय नॉर्मल माणसा,

सूर जेक वेडेलनं दिला. एवढा वर लावला, की दुसऱ्या कडव्याला पुरुष गप्प बसले आणि तिसऱ्याला आम्ही बायका मांजरीसारख्या ओरडायला लागलो. पाळक गोएर्ट्झ उठून म्हणाले, उरलेलं स्तोत्र मनात म्हणूया. सगळ्या देवळात एका माणसाच्या गळ्यात नेमका सूर, आणि तो बसलाय सरकारच्या पलंगावर निरोगी होऊन. घरी ये लवकर.

गव्हाची पेरणी झाली. कॉर्नेलियस मामा बाबांचाच ट्रॅक्टर चालवतात आणि बाबांसारख्याच त्याला शिव्या देतात, म्हणजे आपल्यात चालतात तेवढ्याच. आई बरी आहे. बाबा गेल्यापासून ती रविवारी दुपारच्या चहाला एक खुर्ची मोकळी ठेवायची, आता दोन ठेवते. मी म्हटलं, रूबेन मेला नाही, नोकरीला गेलाय. ती म्हणाली, खुर्चीला काय कळतं?

आदीना श्राग तुझी चौकशी करत नाही. दर रविवारी आमच्या दाराशी थांबून ती तुझी चौकशी करत नाही. मी तिला मुद्दाम काही सांगत नाही.

खोलीतलं सांगू नकोस, ठीक आहे. मला काय करायचंय तुझ्या रक्ताचं? पण जेवण, पाऊस, पोरं, असलं तरी लिही. तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं आणि माझ्या शाळेतल्या पोरांपेक्षा आई जास्त प्रश्न विचारते.

तुझी मास्तरीणबाई,
एल्डा

एल्मरिज
९ डिसेंबर १९५६

एल्डा,

बाबा आले होते. पलंगाच्या कडेला बसून खिशातल्या चाकूनं सफरचंद सोलत होते. साल तुटतच नव्हती. ती जमिनीवर आली, मग दाराखालून बाहेर गेली. मळणीयंत्रात गेलेला हात जागेवर होता. मी विचारलं, हात कसा काय आला? ते म्हणाले, रूबेन, तू किती जण आहेस? मी मोजायला लागलो आणि मला शेवट सापडेना.

भिंत श्वास घेत होती. मी भ्यालो नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. मन शांत व्हावं म्हणून सूर लावून बघितला. तो तोंडातून बाहेर आला आणि मला तो दिसला, एल्डा. तपकिरी होता. मग तो परत आत जाईना.

आज मी बरा आहे. हात थोडा कापतो म्हणून अक्षर असं आलंय. आईला हे वाचून दाखवू नकोस. काय झालं होतं, ते विचारू नकोस. मी इथं काही वाईट केलेलं नाही.

रूबेन

रोझेनफेल्ड
६ जानेवारी १९५७

रूबेन,

मी शाळेत होते. टपालाच्या पेटीतून तुझं पत्र आईनं काढलं आणि एकेक अक्षर जुळवत तिनंच वाचलं. तुझ्या ओळी उतरणीला लागल्यासारख्या कागदाच्या कोपऱ्यात गोळा झाल्या आहेत. तुझं अक्षर मी शिकवलेलं आहे, ते थोडा हात कापला म्हणून असं होत नाही.

आता सरळ विचारते. तिथली पोरं इस्पितळातलं स्पिरिट पाण्यात घालून पितात, असं पीटर वोथचा मुलगा सांगत होता. तो अशाच एका ठिकाणी काम करून आलाय. तुझं पत्र वाचून मला दुसरं काही सुचत नाही. मेलेला बाप आणि श्वास घेणारी भिंत! शुद्धीतल्या माणसाला असलं दिसत नाही.

आई पाळकांकडे गेली. मी तिला अडवलं असं लिहिलं तर तेही खरं नाही, कारण तिचा कोट मीच आणून दिला. पाळक गोएर्ट्झ रागावले नाहीत. ते म्हणाले, मुलगा दूर आहे, घसरला असेल, त्यानं तसं सांगावं म्हणजे आपण उचलून घेऊ. त्यांचा एकच प्रश्न आहे. तू प्यालास का?

प्यालास तर हो म्हण. इथं कुणी दगड घेऊन उभं नाही. तू खरं सांगून मोकळा हो, एवढंच आईला हवंय.

एल्डा

एल्मरिज
३ फेब्रुवारी १९५७

प्रिय एल्डा,

नाही. मी प्यालो नाही.

मग काय झालं, असं तुम्ही विचारणार. ते सांगता येत नाही. मी इथं एका माणसाला होय म्हटलंय. त्यानं मोकळीक द्यावी म्हणून मी दोनदा विनवलं. तो खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, आणखी थोडे दिवस. मला घरी जाऊ द्या म्हटलं, तर म्हणाला, सेवा अर्धी सोडलीस तर भरती कार्यालयाला कळवावं लागेल आणि तुरुंग होईल. तुरुंगाला मी भीत नाही. पण कबूल केलेली सेवा मी पळून मोडली असती, तर तेही होय मोडलंच असतं ना?

प्यालो असं खोटंच कबूल करून टाकावं, असा विचार परवा आला. सगळं सोपं झालं असतं. पाळकांनी माफ केलं असतं, आईनं रडून झ्वीबाक पाठवले असते. पण न केलेल्या पापाची कबुली देऊन प्रभूच्या मेजावर बसायचं, म्हणजे घास तोंडात जायच्या आधीच खोटं बोलायचं. ते मला जमणार नाही.

बाबा म्हणायचे ते आठव. करार कागदावर करणाऱ्याला कागद फाडता येतो, आपल्याला फाडायला काही नसतं.

मंगळवारी पुन्हा त्या खोलीत जायचं आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा. कशासाठी ते विचारू नका.

रूबेन

रोझेनफेल्ड
१४ एप्रिल १९५७

रूबेन,

आपल्या देवळाच्या मंडळीनं काल ठरवलं, ते तुला कळवायचं काम माझ्याकडे आलं.

प्रभुभोजनाआधी आपण एकमेकांचे पाय धुतो, ते ज्याच्या मनात काही झाकलेलं नाही त्याचे. तुझ्या मनात झाकलेलं आहे, हे तूच लिहिलंस. तू ते उघडेपर्यंत तुझे पाय कुणी धुणार नाही आणि तुला भाकर मिळणार नाही. आई बाहेर जाऊन बग्ग्यांचे घोडे बांधायच्या जुन्या खुंटापाशी उभी राहिली.

कोण आहे ती? आदीनानं मला विचारलं, आणि आता मी तुला विचारते. एवढं गप्प राहायला पुरुषाला बाईच लागते. सांगून टाक, म्हणजे आदीना बिचारी तरी दुसरीकडे बघायला मोकळी होईल.

ईस्टरला ये किंवा येऊ नकोस. आलास तर मागच्या बाकावर बसावं लागेल. तुझा एवढा राग मला कधीच आला नव्हता, आणि तुझ्याशिवाय हे घर मला नको झालंय. दोन्ही खरं आहे.

एल्डा

रोझेनफेल्ड
१७ नोव्हेंबर १९५७

डॉ. लॅथम यांस,

मी रूबेन श्मिटची बहीण. आपण त्याला मुदतीआधीच घरी पाठवलंत. स्टेशनवर तो उतरला तेव्हा मी त्याच्या शेजारून पुढे गेले, मला तो ओळखू आला नाही.

तो झोपत नाही. आरशावर टॉवेल टाकतो. धान्याच्या कोठारात बसतो आणि आपण किती जण आहोत ते मोजत राहतो. त्याच्या तोंडाला दारूचा वास कधीच आला नाही आणि कुणा बाईचं पत्रही आलं नाही. आमचा अंदाज चुकला होता, हे मला दिसतंय. तुमच्याकडे काय झालं, असं विचारलं की तो म्हणतो, मी होय म्हटलंय.

तुम्ही आमच्यातले नाही, म्हणून समजावून सांगते. तुमच्यात 'सांगू नको' हे बोलण्यातलं एक वाक्य असेल. त्याच्यासाठी ते कुलूप आहे आणि किल्ली तुमच्याकडे आहे. औषध काय दिलं ते मला सांगू नका, हवं तर. "रूबेन, तू मोकळा आहेस," एवढंच लिहून पाठवा. तो बोलेल, मंडळी त्याला जवळ घेईल, आई जेवेल. आमचं दुसरं काही मागणं नाही.

आपली,
एल्डा श्मिट

एल्मरिज
५ डिसेंबर १९५७

कुमारी श्मिट यांस,

आपल्या भावाच्या प्रकृतीबद्दल वाचून खेद झाला. अशा तक्रारींची प्रवृत्ती काही घराण्यांत मुळातच असते आणि ती तरुणपणी वर येते. त्याचा येथील वास्तव्याशी संबंध जोडण्यास आधार नाही. जवळच्या मनोरुग्णालयात दाखवावे.

आपण उल्लेख केलेल्या वचनाबद्दल म्हणाल, तर श्री. श्मिट यांनी मला तसे काही वचन दिल्याचे मला स्मरत नाही.

आपला,
डॉ. लॅथम

रोझेनफेल्ड
११ सप्टेंबर १९७७

प्रिय रूबेन,

नाताळच्या कार्डाशिवाय आपण एकमेकांना काही लिहीत नाही, म्हणून पाकीट जाड बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. जायचं होतं ते गेलंय.

गेल्या मंगळवारी एक पांढऱ्या केसांची बाई दाराशी आली. मिस ओडेल. तुला आठवत असेल, तुमच्या मजल्यावर नर्स होती. मी प्लमचा केक कापला. तिनं दोन तुकडे खाल्ले, माझ्या पडद्यांचं कौतुक केलं आणि मग बशी खाली ठेवून रडायला लागली. वॉशिंग्टनला त्या औषधांची चौकशी चालू आहे, ते तू रेडिओवर ऐकलं असशील. एल्मरिजचं नाव त्यात अजून आलेलं नाही. पण तिला राहवेना, म्हणून बसनं आली.

तुला जे देत होते ते माणसाचं मन उसवणारं औषध होतं, रूबेन. कैद्याला बोलतं कसं करायचं, त्याच्या मनाचा ताबा कसा घ्यायचा, हे त्यांना शोधायचं होतं. देणग्या देणारी संस्था म्हणजे दारावरची नुसती पाटी होती. तिच्यामागून सगळा पैसा लष्कराच्या गुप्त खात्याचा यायचा. डॉक्टरला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि तुमचीच निवड का केली, तेही तिनं सांगितलं. एकदा कॉफी पिताना तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ही माणसं म्हणजे देणगीच आहे. पीत नाहीत, खोटं बोलत नाहीत, सांगू नको म्हटलं की बापालाही सांगत नाहीत, आणि उद्या काही झालं तरी कोर्टाची पायरी चढत नाहीत." मला हे ऐकून बसवेना. मी उठून उगाच चुलीवर पाणी ठेवलं. आपल्या पणजोबांनी याच गोष्टींसाठी देश सोडला, आणि त्या माणसानं त्या बाजारात भाजी निवडावी तशा निवडल्या.

लॅथम चार वर्षांपूर्वी मेला. "मला स्मरत नाही" हे त्याचं पत्र मी तुला वाचून दाखवलं होतं, तेव्हा तू म्हणाला होतास, त्याला आठवत नसलं तरी मी दिलंय. आता तो माणूसच नाही आणि गोष्ट चव्हाट्यावर आली आहे. तुझं कुलूप संपलं.

मी नव्या पाळकांना सगळं सांगितलं. ते जेक वेडेलचेच धाकटे भाऊ आहेत. आज सकाळी त्यांनी ते देवळात उभं राहून सांगितलं. म्हातारे गोएर्ट्झ काठी टेकत उठले आणि म्हणाले, आम्ही निर्दोष माणसाला वीस वर्षं उपाशी ठेवलं. आदीना तिच्या धाकट्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती, तिनं त्याच्या टोपीत तोंड लपवलं.

एक गोष्ट तुला कधी लिहिली नाही. तू घर सोडून कोलोरॅडोला गेलास तेव्हापासून आईनंही भाकर घेतली नाही. ती मागच्या बाकावर, तू बसायचास त्या जागेशेजारी, मरेपर्यंत बसली. विचारलं तर म्हणायची, पोरगं जेवल्याशिवाय मी जेवत नाही.

दोन ऑक्टोबरला प्रभुभोजन आहे. तुझे पाय धुण्यावरून जेक आणि कॉर्नेलियस मामांचा मुलगा भांडतायत. तू गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही ऑर्गन घेतला, कारण सूर द्यायला कुणी नव्हतं. त्या दिवशी तो बंद ठेवायचं ठरलंय. घरी ये.

एल्डा

बेथनी निवास, कोलोरॅडो
२२ सप्टेंबर १९७७

प्रिय एल्डा,

तुझं पत्र मी धुलाईघरात, चादरी वाळेपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी बरा आहे. या रुग्णनिवासातल्या लोकांना मी रोगी आहे की नोकर, हे अजून ठरवता आलेलं नाही, त्यामुळे मला दोन्ही जेवणं मिळतात.

आईचं वाचून मी फार रडलो. ते तू आधी लिहिलं नाहीस, ते बरं केलंस.

लॅथम मेला, पण त्यानं मला मोकळं केलं नाही. किल्ली घेऊन गेला. म्हणून त्या खोलीतलं मी अजूनही सांगणार नाही. मिस ओडेलनं सांगितलं, ते तिचं आहे. हसू नकोस. माझ्याकडे त्या वर्षातलं एवढंच धड राहिलंय.

पण मी येत नाही, त्याचं कारण हे नाही.

इतकी वर्षं मला सूर लागत नव्हता, झोप नव्हती, पण एक गोष्ट होती. मी निर्दोष होतो, हे मला माहीत होतं. मागच्या बाकावर बसायचो तेव्हाही माहीत होतं. तुम्ही भाकर दिली नाहीत तरी आत कुठेतरी मी ती खात होतो. आता तू लिहितेस, पैसा लष्कराचा होता. मी तोंडानं वर्दीला नाही म्हटलं आणि अंगानं तिचीच चाकरी केली, एल्डा. माणसाला कसं उसवायचं, ते त्यांनी माझ्यावर शिकून घेतलं. मग ते कुणावर केलं? कुठल्यातरी देशात कुणा माणसाला खुर्चीला बांधून ते औषध दिलं असेल. त्याचाही बाप पलंगावर येऊन बसला असेल. त्याला किती द्यायचं, ते माझ्यामुळे कळलं असेल.

मला माहीत नव्हतं, असं तू म्हणशील. खरं आहे. पण मी विचारलं होतं, लष्कराचा पैसा आहे का, आणि तो नाही म्हणाला आणि मी घरी लिहिलं, प्रश्न मिटला. आपण आपल्या बोलण्याला एवढं जपतो, की समोरचाही जपत असेल असं धरून चालतो. त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी दिली.

तुम्ही मला बाहेर ठेवलंत तेव्हा मी आत यायला योग्य होतो. आता बोलावताय तेव्हा नाही. माझे पाय धुवायला कुणी भांडू नये. माझं उत्तर नाही असं आहे.

जेकला सांग, सूर खाली लाव.

रूबेन

रोझेनफेल्ड
६ ऑक्टोबर १९७७

प्रिय रूबेन,

प्रभुभोजन झालं. ऑर्गन बंदच ठेवला होता. जेकनं सूर खाली लावला, इतका खाली की या वेळी बायका गप्प बसल्या. मी मागच्या बाकावर, आईच्या जागी बसले आणि भाकर पुढे आली तेव्हा हात पुढे केला नाही. ती माझ्यावरून पुढे गेली.

त्या खुर्चीला बांधलेल्या माणसाबद्दल तू लिहिलंस, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तो माणूस असेलच. तू निर्दोष आहेस असं मी तुला पुन्हा सांगणार नाही, कारण सांगून तुझं हलकं होणार नाही. फक्त, ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसासाठी जगात एकच जण जेवायचा थांबलाय, आणि तो माझा भाऊ आहे, एवढं मला कळलं.

आता नीट वाच. माझ्या बॅगेत आईचं पांढरं तामचिनी घमेलं आहे, कडेला टवका उडालेलं, आणि तिचा टॉवेल. बायका बायकांचे पाय धुतात आणि पुरुष पुरुषांचे, हे मला ठाऊक आहे. पाळकांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. योग्य-अयोग्य मला धुवायचं नाही. मला पाय धुवायचे आहेत. नंतर आपण दोघं उपाशी बसू, नाहीतर झ्वीबाक खाऊ, तू म्हणशील तसं.

तुझं नाही ते नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तू एकदा कागदावर 'येऊ नकोस' लिहिलंस, की मला यायचा हक्क उरत नाही. म्हणून मी पोस्टात विचारून घेतलं. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. माझी बस मंगळवारीच दुपारी पोचते. उत्तर लिहायला तुला वेळच ठेवलेला नाही.

पाणी कोमट करून ठेव.

एल्डा